कापल्यावर दिसणारं जंगल
फ्रान्झ मार्कच्या ‘प्राण्यांची नियती’ या चित्राविषयी : प्रस्तावना

हे पुस्तक एकाच चित्राबद्दल आहे. फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराने १९१३ मध्ये रंगवलेलं ‘टियरशिकझाले’, म्हणजे ‘प्राण्यांची नियती’, आज स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, तिथल्या कुन्स्टम्युझियममध्ये आहे. कॅनव्हासवर तैलरंगात केलेलं हे काम उंचीला जवळपास दोन मीटर आणि रुंदीला अडीच मीटरहून अधिक भरतं. आकार मुद्दाम सांगितला, कारण पुस्तकातल्या पानभर छापील प्रतीत हे चित्र एक गुंतागुंतीची नक्षी वाटू शकतं. त्यातले प्राणी किती मोठे आहेत आणि आपल्या अंगावर किती येतात, हे प्रतीतून कळत नाही.

चित्राच्या मधोमध एक निळं हरीण आहे. डोकं मागे टाकलेलं, मान वर ताणलेली, गळा आणि छाती उघडी. त्याच्या दिशेने एक झाड कोसळतं आहे. डावीकडे वर दोन हिरवे घोडे आहेत, त्यांच्या माना पिळवटलेल्या. त्यांच्या खालच्या कोपऱ्यात दोन रानडुकरं. उजवीकडे चार प्राण्यांचा घोळका आहे. बरेच जण त्यांना हरणं मानतात, काहींना ते कोल्हे वाटले आहेत. आणि या सगळ्यांच्या मधून, त्यांच्या अंगांवरून, दोन बाजूंनी एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या, टोकदार पट्ट्या गेल्या आहेत. कुठे त्या ज्वाळा वाटतात, कुठे तुटलेली खोडं, कुठे नुसता लखलखाट. चित्रात माणूस नाही. शिकारी नाही, कुऱ्हाड नाही, बंदूक नाही. जंगल उद्ध्वस्त होतं आहे आणि करणारा कुठेच दिसत नाही.

अशा चित्रासमोर आपण पहिला प्रश्न विचारतो तो अर्थाचा. निळं हरीण म्हणजे कोण? हिरवे घोडे का? प्रश्न रास्त आहेत, फक्त ते फार लवकर विचारले जातात. आपल्याकडे आधुनिक चित्रातला प्राणी म्हटला की हुसेन यांचे घोडे डोळ्यांसमोर येतात. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत घडलेल्या या चित्रकाराच्या घोड्यांनी आपल्यापैकी अनेकांची नजर तयार केली. त्या घोड्यांत वेग आहे, उसळी आहे, मोहरमच्या दुलदुलची आठवण आहे. घोडा म्हणजे शक्ती, हे समीकरण तिथून आपल्या मनात पक्कं बसतं आणि मार्ककडे जातानाही आपण ते बरोबर नेतो. मार्कचे १९११ मधले प्रसिद्ध निळे घोडे मात्र मान खाली घालून उभे आहेत. ते कुठे धावत नाहीत, कुणाला पाठीवर घेत नाहीत. त्यांच्याकडून शक्तीचा अर्थ काढायला गेलं तर हाती काही लागत नाही.

मार्कच्या बाबतीत घाईला आणखी एक निमित्त मिळतं, आणि ते त्याने स्वतःच पुरवलं आहे. १९१० च्या डिसेंबरमध्ये आपला तरुण चित्रकार मित्र आउगुस्ट माके याला लिहिलेल्या पत्रात त्याने रंगांची एक मांडणी केली. निळा हे पुरुषतत्त्व, कठोर आणि आध्यात्मिक. पिवळा हे स्त्रीतत्त्व, मृदू, आनंदी आणि इंद्रियांना सुखावणारं. तांबडा म्हणजे जडद्रव्य, क्रूर आणि बोजड, ज्याच्याशी बाकीच्या दोघांनी झुंजून त्याला जिंकायचं आहे. पत्राचा आशय एवढाच. गेली शंभर वर्षं मार्कवर लिहिणाऱ्यांनी हा मजकूर किल्लीसारखा वापरला. काही कुलुपं तिने उघडतातही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातल्या ‘पिवळी गाय’ या १९११ च्या चित्रात एक गाय आनंदाने उधळली आहे. मार्क रोझेंथाल या अभ्यासकाने रंगांच्या या मांडणीचा आधार घेऊन त्या चित्राकडे विवाहचित्र म्हणून पाहिलं: पिवळी गाय म्हणजे चित्रकाराची पत्नी मारिया, गायीच्या अंगावरचे आणि मागच्या डोंगरांतले निळे भाग म्हणजे तो स्वतः. हे वाचन मला पटतं, कारण चित्रातला गोलाईदार उल्हास त्याला दुजोरा देतो.

हीच किल्ली ‘प्राण्यांची नियती’ला लावली की अडकते. मधलं हरीण निळं आहे, म्हणून त्याला पुरुषतत्त्व म्हणायचं? मग घोडे हिरवे का, हिरव्याचं तत्त्व कोणतं? तांबड्याला जिंकायचं होतं. इथे तांबड्याच्या धारा सगळ्यांना भेदून गेल्या आहेत आणि निळा गळा वर करून उभा आहे. तत्त्वज्ञान हरलं असं म्हणून मोकळं होता येईल, पण चित्राबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नसेल. पत्र १९१० चं, चित्र १९१३ चं. मधल्या तीन वर्षांत मार्कच्या हाताने जे शिकून घेतलं ते पत्रात असणं शक्यच नव्हतं. या पुस्तकाचं म्हणणं साधं आहे: या चित्राचा अर्थ त्याच्या घाटात आहे, आणि रेषा कुठून येऊन कुणाला कापते हे पाहिल्याशिवाय तो मिळत नाही.

मार्कचा प्रवास इथे थोडक्यात सांगतो. जन्म ८ फेब्रुवारी १८८० चा, म्युनिकमधला. वडील विल्हेल्म निसर्गचित्रकार. आई कडक कॅल्विनपंथी. मुलाला आधी धर्मशास्त्र शिकून पाद्री व्हायचं होतं, ते सोडून १९०० मध्ये तो म्युनिकच्या कला अकादमीत गेला. १९०३ आणि १९०७ मध्ये पॅरिस पाहून आला. व्हॅन गॉगच्या चित्रांनी त्याला हलवून सोडलं. पोट भरण्यासाठी काही वर्षं त्याने प्राण्यांच्या शरीररचनेचे वर्ग चालवले. या तपशिलाकडे फार कुणी थांबून पाहत नाही. पुढे ज्याच्या चित्रांत प्राणी स्फटिकासारखे फुटणार होते, त्याला घोड्याच्या खांद्याचा सांधा आणि हरणाच्या मानेचे स्नायू पाठ होते. मधल्या हरणाची मान नीट पाहिली तर ते जाणवतं: ती इतकी ताणलेली असूनही कुठे खोटी वाटत नाही.

प्राण्याच्या बाहेरून त्याचं चित्र काढण्यात मार्कला रस उरला नाही. घोड्याला, गरुडाला, हरणाला, कुत्र्याला जग कसं दिसत असेल, हा त्याचा ध्यास होता. प्राण्याला त्याच्या परिसरातून उचलून कागदावर ठेवायचं आणि आपल्या नजरेने न्याहाळायचं, ही रीत त्याला दरिद्री वाटायची. १९१० मध्ये प्रकाशक राइनहार्ड पीपर यांनी काढलेल्या ‘कलेतील प्राणी’ या पुस्तकात मार्कचं एक निवेदन आहे. झाडांतून, प्राण्यांतून, हवेतून वाहणारी एकच लय पकडायची, असा त्याचा सूर आहे. ती लय त्याला आधी वक्ररेषेत सापडली. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमधले ‘मोठे निळे घोडे’ पाहा. तीन घोड्यांच्या माना आणि पाठी ज्या वळणाने जातात त्याच वळणाने मागच्या टेकड्या जातात. घोडा कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो, हे डोळ्याला सांगावं लागतं. प्राणी आणि सृष्टी एक आहेत, हे तिथे कुठल्याही चिन्हावाचून, नुसत्या वळणातून कळतं.

डिसेंबर १९११ मध्ये मार्कने चित्रकार कांडिन्स्कीसोबत म्युनिकच्या थानहाउझर गॅलरीत ‘ब्लाउअर राइटर’, म्हणजे ‘निळा घोडेस्वार’, या नावाने प्रदर्शन भरवलं आणि पुढच्या वर्षी त्याच नावाचा ग्रंथ संपादित केला. ही हकिगत कलेतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे, म्हणून इथे तिच्यावर रेंगाळत नाही. आपल्या चित्रासाठी १९१२ चा शरद ऋतू जास्त महत्त्वाचा. मार्क आणि माके पॅरिसला चित्रकार रोबेर दलोनेला भेटले. त्याच सुमारास मार्कने इटालियन भविष्यवाद्यांची चित्रं पाहिली. दलोनेकडे प्रकाश रंगीत तुकड्यांत फुटत होता. भविष्यवादी वस्तू आणि अवकाश यांना एकाच धक्क्याने चिरत होते. मार्कची वक्ररेषा त्यानंतर काही महिन्यांत मोडली. १९१३ च्या चित्रांत सगळीकडे धार आली.

मार्कने घनवाद्यांची आणि भविष्यवाद्यांची शैली उचलली आणि प्राण्यांना लावली, असं वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. तेवढ्यावर समाधान मानायला माझी तयारी नाही. शैली उसनी असेलही. ती ज्या कामाला लावली गेली ते काम त्याचं स्वतःचं होतं. या चित्राला मार्कने आधी दिलेलं नाव लांबलचक होतं: झाडांनी आपली वर्तुळं दाखवली, प्राण्यांनी आपल्या शिरा, अशा अर्थाचं. ‘प्राण्यांची नियती’ हे आजचं नाव पाउल क्ले या त्याच्या मित्राने सुचवलं. क्लेचं नाव भारदस्त आहे आणि ते टिकलं, पण चित्रात शिरायचा दरवाजा मार्कच्या पहिल्या नावात आहे. झाडाची वर्तुळं कधी दिसतात? लाकडाच्या वखारीत ओंडका आडवा कापला की. शिरा कधी दिसतात? कातडी उघडली की. आतलं दिसण्यासाठी छेद घ्यावा लागतो.

मार्क अनेक वर्षं प्राण्याच्या आत शिरायचा मार्ग शोधत होता. वक्ररेषेने त्याला प्राण्याजवळ नेलं, तिने प्राणी उघडला नाही. धारदार, पारदर्शक, एकमेकांतून आरपार जाणाऱ्या पट्ट्यांनी तो उघडला. खोड आणि मांडी, फांदी आणि मान एकाच पट्टीने छेदली जातात आणि छेदल्या ठिकाणी दोघांचं आतलं सारखंच उजळतं. १९११ मध्ये डोंगर आणि घोडा एका वळणात होते. १९१३ मध्ये झाड आणि हरीण एका जखमेत आहेत. एकरूपता तीच आहे, तिची किंमत बदलली. ज्या रेषेने प्राणी मरतो आहे त्याच रेषेमुळे तो आपल्याला आतून दिसतो. मला या चित्रातलं सर्वांत भयंकर आणि सर्वांत खरं सत्य हे वाटतं. मारेकरी चित्रात का नाही, याचंही उत्तर इथे मिळतं: मारणारी गोष्ट चित्राच्या रचनेतच आहे. जी नजर हे जंगल पारदर्शक करते तिच्यापासून आपली, पाहणाऱ्याची, नजर वेगळी काढता येत नाही.

आता प्रतीकांकडे वळायला हरकत नाही. मार्कने चित्राच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहून ठेवली आहे. समस्त अस्तित्व म्हणजे जळतं दुःख, असा तिचा आशय. मराठी वाचकाला ते वाचताना आदित्तपरियाय सुत्त आठवल्याशिवाय राहणार नाही. गयाशीर्ष टेकडीवर बुद्धाने, अग्निपूजा सोडून आलेल्या हजार जटाधारी तपस्व्यांना, डोळा जळतो आहे, रूप जळतं आहे, अशा अर्थाचा उपदेश केला होता. या आठवणीचा लाभ घ्यावा, तिच्या जोरावर चित्राला बौद्ध करून टाकू नये. बुद्धाच्या उपदेशात आग विझण्याचा मार्ग आहे. चित्रात तो शोधताना नजर उजवीकडच्या शांत उभ्या घोळक्यावर जाते, आणि तिथे एक अडचण उभी राहते. तिच्याकडे थोड्या वेळाने येतो. फ्रेडरिक लेव्हिन या अभ्यासकाने चित्राचा संबंध उत्तर युरोपच्या एड्डा पुराणकथांशी जोडला: देवांच्या अंताचा वणवा, विश्वाला आधार देणारा ॲश वृक्ष, त्याच्याभोवतीचे प्राणी. कोसळणारं झाड आणि त्याच्याखाली मान वर केलेलं हरीण या कथेत चपखल बसतात. माझ्या मते हे वाचन मौल्यवान आहे, एका अटीवर. एड्डातला विनाश ही नव्या सृष्टीची पूर्वतयारी असते, आणि १९१३-१४ च्या मार्कलाही विनाशातून शुद्धी होईल असं वाटत होतं. चित्रात मात्र शुद्धीची ग्वाही देणारा एकही आकार मला सापडत नाही. चित्रकाराचा विश्वास आणि त्याच्या हाताने काढलेला घाट यांत असं अंतर पडतं, तेव्हा मी घाटाच्या बाजूने उभा राहतो.

या चित्राभोवती सर्वांत दाट धुकं आहे ते भाकिताचं. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि मार्क स्वेच्छेने सैन्यात गेला. त्या काळातल्या लेखनात तो युद्धाकडे आजारी युरोपवरचा उपचार म्हणून पाहत होता. २६ सप्टेंबर १९१४ रोजी माके शांपान्यच्या आघाडीवर मारला गेला. मार्च १९१५ मध्ये मार्कला आघाडीवर ‘प्राण्यांची नियती’चं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड मिळालं, त्याचे संग्राहक आणि आश्रयदाते बर्नहार्ड क्योलर यांनी पाठवलेलं. ते पाहून तो हादरला. त्याने मारियाला कळवलं की हे या युद्धाची पूर्वसूचना असल्यासारखं आहे आणि आपणच ते रंगवलं यावर विश्वास बसत नाही. ४ मार्च १९१६ रोजी व्हर्दंच्या परिसरात, ब्राकी गावाजवळ, घोड्यावरून टेहळणीला गेला असताना तोफगोळ्याचा तुकडा लागून तो मरण पावला. वय ३६.

ही घटनांची माळ इतकी घट्ट आहे की चित्राला भविष्यवाणी म्हणण्याचा मोह आवरत नाही. तो आवरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९१३ मध्ये युरोपात युद्ध ही कल्पनेतली गोष्ट नव्हती. बाल्कन युद्ध १९१२ पासून पेटलं होतं आणि मार्कने १९१३ मध्येच ‘लांडगे (बाल्कन युद्ध)’ या नावाचं चित्र रंगवलं. ते आज अमेरिकेतल्या बफेलोच्या संग्रहालयात आहे. वर्तमानपत्र वाचणारा चित्रकार जे पाहत होता ते त्याने रंगवलं. शिवाय भाकीत म्हटलं की चित्र खरं ठरण्यासाठी व्हर्दंची वाट पाहत बसलेलं होतं असा अर्थ होतो, आणि प्राणी पुन्हा माणसांचे दूत ठरतात: घोडा म्हणजे सैनिक, हरीण म्हणजे बळी. मार्कने आयुष्य खर्च केलं ते प्राण्याला असं माणसाच्या कामाला न जुंपण्यासाठी. त्या महायुद्धात लाखो घोडे मेले. मार्क तोफखान्यात होता, तोफा ओढणारे घोडे त्याने रोज पाहिले. हिरव्या घोड्याची पिळवटलेली मान ही घोड्याची मान म्हणून पाहायला हवी.

आता ती अडचण. चित्रासमोर उभं राहिल्यावर डोळ्याला सर्वांत आधी खटकतं ते हे, की उजवीकडचा जवळपास तिसरा हिस्सा तपकिरी, धुरकट आहे. डावीकडे आणि मधे रंग पेटलेले, उजवीकडे मळभ. अनेकांनी यातही प्रतीक वाचलं आहे: चार प्राणी संहारापलीकडच्या सावलीत सुरक्षित उभे आहेत, वगैरे. खरं कारण असं की मार्कच्या मृत्यूनंतर हे चित्र ज्या गोदामात होतं तिथे आग लागली आणि उजवी बाजू जळाली. १९१९ मध्ये पाउल क्लेने ती बाजू छायाचित्रांच्या मदतीने पुन्हा उभी केली. आकार त्याने मित्राचे ठेवले. मार्कच्या रंगांची नक्कल मात्र केली नाही. तपकिरी पातळ थर दिले, त्यामुळे मूळ कुठे संपतं आणि दुरुस्ती कुठे सुरू होते हे कुणालाही ओळखता येतं. मित्राच्या हाताची बतावणी करायची नाही हा क्लेचा निर्णय मला या चित्राच्या इतिहासातली सर्वांत उदात्त कृती वाटते.

म्हणून उजव्या भागाचं वाचन दोन वेगळ्या खात्यांवर मांडावं लागतं. चार प्राण्यांची उभं राहण्याची ढब, त्यांचं एकमेकांना चिकटून असणं, तिरक्या पट्ट्यांचा तिथे मंदावणारा जोर, हे मार्कचं. सावली क्लेची, आणि आगीची. शांतता आहे असं म्हणायचं तर ते आकारांवरून सिद्ध करावं लागेल, रंगावरून नाही. रंगांच्या अर्थावर सगळा भार टाकणारं वाचन किती कच्चं असतं, याचा याहून ठोस पुरावा दुसरा मिळणार नाही.

चित्राची पुढची कथा राजकारणाची आहे. ते जर्मनीत हाले शहरातल्या संग्रहालयात पोहोचलं. १९३७ मध्ये नाझींनी ‘अवनत कला’ म्हणून सार्वजनिक संग्रहांतून आधुनिक चित्रं जप्त केली, त्यांत हेही गेलं. त्या वर्षी म्युनिकला भरलेल्या बदनामीच्या प्रदर्शनात मार्कचा ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ टांगला होता. देशासाठी व्हर्दंला मेलेल्या सैनिकाचा हा अपमान आहे म्हणून माजी अधिकाऱ्यांच्या संघटनेने निषेध केला, तेव्हा तो काढून घेतला गेला. नंतर तो नाझी नेता गोअरिंगकडे गेला आणि १९४५ पासून त्याचा पत्ता नाही. ‘प्राण्यांची नियती’ वाचलं ते बाझलमुळे. तिथल्या संग्रहालयाचे संचालक गेओर्ग श्मिट यांनी १९३९ मध्ये शहराकडून ५०,००० फ्रँकचा खास निधी मिळवून जर्मनीतून हाकललेली २१ चित्रं विकत घेतली. त्यांत हे एक.

शेवटी एका हरकतीची नोंद करतो, कारण ती खुद्द मार्कची आहे. एप्रिल १९१५ मधल्या पत्रात त्याने लिहिलं की माणसांत न सापडणारं पावित्र्य आपण प्राण्यांत शोधत होतो. पुढे प्राण्यांतही कुरूप ते दिसू लागलं आणि चित्रं आपोआप अमूर्ताकडे सरकली. १९१४ च्या ‘झुंजणारे आकार’मध्ये प्राणी उरलेलाच नाही, एक तांबडा आणि एक काळपट लोट एकमेकांवर धावून जातात. या आधारे ‘प्राण्यांची नियती’कडे अमूर्ताच्या वाटेवरचा थांबा म्हणून पाहिलं जातं. मला ते मान्य नाही. या कॅनव्हासवर छेद घेणारी रेषा पूर्ण मोकळी सुटली आहे आणि तरीही हरणाचं हरीणपण शाबूत आहे. एक पायरी पुढे गेलं की प्राणी नाहीसा होतो, एक पायरी मागे आलं की तो सुंदर आणि बंद राहतो. हा तोल मार्कला मोठ्या कॅनव्हासवर क्वचितच साधला.

पुढची प्रकरणं चित्राच्या भागांप्रमाणे लावली आहेत, काळाप्रमाणे नाहीत. सुरुवात डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या रानडुकरांपासून केली आहे. निळं हरीण आणि हिरवे घोडे यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं. रानडुकरांच्या वाट्याला सहसा एखादं वाक्य येतं. वरच्या घोड्यांनी माना मागे टाकल्या आहेत. या दोघांचं वजन जमिनीकडे आहे. वाचकाने पहिलं प्रकरण उघडण्याआधी चित्राची जमेल तेवढी मोठी प्रत समोर ठेवावी आणि तिरक्या पट्ट्या या जोडीला नेमक्या कुठे छेदतात ते बोटाने माग काढत पाहावं.